तारे टोकदार येत नाहीत? सेटिंग बदलण्याआधी ताऱ्याचा आकार बघा

फेब्रुवारी संपला की माझ्याकडे एकच तक्रार यायला लागते, ती पावसापर्यंत थांबत नाही. "दादा, आकाशगंगा आली, पण तारे धूसर आलेत." पाठवणारा भंडारदऱ्याला, हरिश्चंद्रगडावर नाहीतर वेल्ह्याच्या बाजूला रात्रभर जागून आलेला असतो, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: नवी लेन्स घेऊ का?

थांबा, घेऊ नका. हा दोष मी स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या कॅमेऱ्यांवर इतक्यांदा काढला आहे, की तपासण्यांचा क्रम आता पाठ झालाय. बहुतेकदा लेन्समध्ये काहीच बिघाड नसतो. अडचण अशी की धूसर दिसण्याची कारणं सात-आठ आहेत आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा. फोकस सुटलेला असताना शटरची वेळ कमी करून काही होत नाही, आणि काचेवर दव धरलं असेल तर फोकस कितीही फिरवा, बसत नाही. मात्र प्रत्येक कारण ताऱ्याला आपापला आकार देतं. तो आकार ओळखता आला की निम्मं काम झालं.

लक्षणं

फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि शंभर टक्के मोठा करा. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर अख्खा फोटो बघून निदान होत नाही, तिथे सगळेच फोटो चांगले दिसतात. मधला एक तारा बघा, मग चारही कोपऱ्यांतला एकेक.

• सगळे तारे, मधले आणि कडेचेही, सारखेच गोल फुगलेले. जास्त बिघडलं असेल तर टिंबाऐवजी सपाट चकत्या, आणि बारीक तारे गायब. फोकस सुटलाय.

• तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. ध्रुवताऱ्याजवळचे कमी, दक्षिणेकडचे जास्त. शटर जास्त वेळ उघडा राहिला.

• तारा वाकडा: स्वल्पविराम, आकडा, किंवा एकाचे दोन. आणि फोटोतल्या सगळ्या ताऱ्यांना हुबेहूब तोच आकार. ट्रायपॉड हलला.

• मधले तारे टिंबासारखे, पण कोपऱ्यातल्यांना पंख फुटलेले, उडत्या पक्ष्यासारखे. ही लेन्सची जात आहे, बिघाड नाही.

• एकाच बाजूचे तारे खराब, समोरच्या बाजूचे चांगले. इथे लेन्सवर संशय घ्यायला जागा आहे.

• संध्याकाळचे पहिले फोटो उत्तम, मग हळूहळू प्रत्येक ताऱ्याभोवती प्रभावळ, शेवटी सगळं दुधाळ. दव.

• आकार बरोबर, पण तारे मेणासारखे मऊ, किंवा प्रत्येकाभोवती काळी कडी. एडिटिंग.

एका फोटोत दोन दोष असू शकतात. फुगलेला आणि वर लांबट असा तारा मी पुष्कळदा पाहिलाय. तरी क्रम सोडू नका, सोपं आणि फुकटचं ते आधी.

मूळ फाइल उघडून बघा

एकही पैसा आणि एकही रात्र खर्च होत नाही, म्हणून हे पहिलं. एडिट केलेला फोटो बाजूला ठेवा आणि मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली, उघडा. एडिटिंगसाठी लाइटरूम असो की दुसरं काही, सगळे स्लायडर शून्यावर आणा, नॉइज म्हणजे फोटोतले दाणे कमी करणारं नॉइज रिडक्शनसुद्धा. तारे इथे टोकदार दिसले तर कॅमेरा निर्दोष सुटला, दोष नंतरच्या हातात आहे.

नॉइज रिडक्शनला तारा आणि नॉइज यांत फरक करणं अवघड जातं. एक-दोन पिक्सेलचा बारीक तारा त्याला दाणाच वाटतो आणि ते तो पुसून टाकतं. स्लायडर पन्नास-साठपर्यंत ओढला की आकाश गुळगुळीत होतं खरं, पण आकाशगंगेतली ती पिठूळ दाटी निघून जाते आणि राहतात फक्त ठळक तारे. रंगाचा नॉइज काढा, तो बिनधास्त काढता येतो. उजेडाचा नॉइज थोडा राहू द्या. आकाश फारच दाणेदार असेल तर एकाच फोटोवर जोर करण्यापेक्षा तोच फोटो लागोपाठ दहा वेळा काढून एकत्र करा. त्यासाठी विंडोजवर सिक्वेटर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सिरिल तर सगळीकडे चालतं. दहा फोटोंत नॉइज साधारण तीनपटीने कमी होतो आणि तारे जिथल्या तिथे राहतात. फक्त जोडताना जमीन वेगळी गोठवायला विसरू नका. नाहीतर तारे जुळतात आणि डोंगराची कडा पुसट होते, मग तक्रार "लँडस्केप हललंय" अशी येते.

काळ्या कड्या येतात त्या शार्पनिंग आणि क्लॅरिटीच्या अतिरेकाने. शार्पनिंगची त्रिज्या एकच्या आत ठेवा आणि मास्किंग वाढवा, म्हणजे मोकळ्या आकाशाला हात लागत नाही.

मेसेजमधून पाठवलेल्या फोटोवरून दोष शोधू नका. पाठवताना फोटो आवळला जातो आणि त्यात आधी मरतात ते बारीक तारेच. मला दाखवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असं मी सगळ्यांना सांगतो.

काच बघा, टॉर्च मारून

लेन्सच्या पुढच्या काचेवर बाजूने टॉर्च मारा. समोरून मारलात तर काही कळत नाही, तिरपा उजेड पाहिजे. बोटाचा तेलकट ठसा, कोकणात फोटो काढले असतील तर समुद्राच्या खारट तुषारांचा पातळ थर, आणि दव, हे तिन्ही त्या उजेडात लगेच दिसतात.

यूव्ही फिल्टर लावला असेल तर रात्रीपुरता काढून ठेवा. तेजस्वी ताऱ्याचं किंवा गावातल्या दिव्याचं प्रतिबिंब त्या सपाट काचेत उमटतं. शिवाय फिल्टर आणि लेन्स यांच्यामध्ये दव धरलं तर बाहेरून पुसून काही उपयोग होत नाही.

दव या विषयावर जरा थांबतो, कारण फोकसच्या खालोखाल रात्री यानेच वाया जातात. निरभ्र रात्री आकाशाकडे तोंड करून ठेवलेली काच आपली उष्णता वर सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. हवेत ओल असली की ती काचेवर धरते. ऑक्टोबर ते जानेवारी, त्यातही धरणाच्या पाण्याजवळ, पानशेत किंवा भंडारदऱ्याच्या काठावर, तासा-दीड तासात लेन्स आंधळी झालेली मी पाहिली आहे. बाहेरून कळत नाही, कारण ट्रायपॉड कोरडा असतो, बॅग कोरडी असते. मग अचानक हात बॅगेला लागतो आणि ओला होतो. तोवर चाळीस फोटो गेलेले असतात.

हूड लावा, दिवसासारखाच. काचेचं आकाशाकडचं तोंड जितकं झाकलं जाईल तितकं दव उशिरा धरतं. लेन्सच्या पुढच्या टोकाभोवती गुंडाळायचा हीटर पट्टा मिळतो, तो पॉवर बँकेवर चालतो. तो कमीत कमी आचेवर ठेवायचा, काच नुसती हवेपेक्षा थोडी गरम राहिली की पुरे. पट्टा नसेल तर हिमालयात जाणारे वापरतात ती हात शेकायची पाकिटं जुन्या मोज्यात घालून लेन्सभोवती बांधा. मात्र पट्टा बांधताना फोकस रिंग सरकते, म्हणून आधी पट्टा आणि मग फोकस.

दव धरल्यावर शर्टाने पुसू नका. पुसलं की पाच मिनिटांत पुन्हा धरतं, आणि त्यात धुळीचा कण असेल तर ओरखडा कायमचा. समुद्राकाठी आधी ब्लोअर मारा, नंतर मायक्रोफायबर कापड.

उलटा प्रकारही होतो. गाडीत एसी लावून चार तास प्रवास करायचा आणि हर्णै किंवा वेंगुर्ल्याच्या दमट हवेत उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढायचा. थंड काचेवर त्याच क्षणी धुकं बसतं, कधी आतल्या काचांवरसुद्धा. कॅमेरा बॅगेतच, चेन लावून, अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

हललाय का?

लेन्सवरचं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद करा. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असतानाही काही यंत्रणा कंप शोधत राहतात आणि स्वतःच काच हलवतात. बटण दाबल्याचा धक्काही लागतो, म्हणून रिमोट घ्या, नसेल तर दोन सेकंदांचा टायमर. प्लास्टिकच्या हलक्या ट्रायपॉडला दोन सेकंद कमी पडतात, दहा लावा.

ट्रायपॉडचा मधला खांब खालीच ठेवा, पायांतले जाड भाग आधी उघडा. वाऱ्यात बॅग खाली अडकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी, लोंबकळती बॅग लंबकासारखी हलते आणि ट्रायपॉडला सोबत हलवते. कॅमेऱ्याचा पट्टा काढा किंवा गुंडाळा, वाऱ्यात तो फडफडतो.

कोकणकड्यावर रात्री दरीतून वर येणारा वारा अंगावर येतो. कड्याच्या काठापासून चांगलं पंचवीस-तीस फूट मागे सरकलात तर वारा लगेच कमी होतो, आणि ट्रायपॉडपेक्षा तुमच्या जिवासाठीही तेच बरोबर आहे. जागा उजेड असतानाच ठरवा. अंधारात स्क्रीनकडे बघत एक पाऊलही मागे टाकायचं नाही, हा नियम आमच्या ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्याला पहिल्यांदा सांगतो.

शटरची वेळ

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून तारे सरकतात. किती सेकंद चालतील यासाठी पाचशेचा नियम सगळ्यांना माहीत असतो: ५०० भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तिच्यावर लिहिलेला मिमीचा आकडा. तो फिल्मच्या काळापासून चालत आलाय आणि आजच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरला ढिला पडतो. त्यात पुष्कळजण क्रॉप सेन्सर, म्हणजे फुलफ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या) सेन्सरपेक्षा लहान सेन्सर, असताना फोकल लेंग्थ दीडपट करायची विसरतात.

क्रॉप सेन्सरचा २४ मेगापिक्सेल कॅमेरा आणि सोबत येणारी १८-५५ लेन्स, ही आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी जोडी. १८ मिमीला पाचशेचा नियम नुसता लावला तर सुमारे २८ सेकंद येतात. दीडपट करून लावला तर साधारण १८. पण १८ सेकंदांत खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेन्सरवर सहा पिक्सेल सरकतो आणि ३० सेकंदांत दहा. सहा पिक्सेलची रेघ शंभर टक्क्यांवर स्पष्ट दिसते.

मी एनपीएफ नावाचा नियम वापरतो: अपर्चरच्या, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येतो त्या भोकाच्या, एफ-आकड्याला ३५ ने गुणा, पिक्सेलच्या आकाराला, मायक्रॉनमध्ये, ३० ने गुणा, दोन्ही मिळवा आणि खऱ्या फोकल लेंग्थने भागा. वरच्या कॅमेऱ्यात पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, अपर्चर एफ ३.५, म्हणजे १८ मिमीला साधारण १३ सेकंद. फुलफ्रेम २४ मेगापिक्सेल आणि १४ मिमी एफ २.८ असेल तर २० सेकंद. तिथे गणित करायची गरज नाही, घरूनच कागदावर लिहून बॅगेत चिकटवून ठेवा. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवा. ६४०० चा नॉइज दहा फोटो एकत्र करून जातो, रेघ झालेल्या ताऱ्याचं मात्र पुन्हा टिंब होत नाही.

फोकस

सगळ्यात जास्त रात्री इथे बुडतात, आणि सगळ्यात जास्त माणसं इथे चुकीच्या गोष्टीवर विश्वास ठेवतात. ती गोष्ट म्हणजे लेन्सवरची आडव्या आठाची, अनंत अंतराची खूण. हरिश्चंद्रगडावरच्या माझ्या पहिल्या रात्री मी रिंग त्या खुणेवर नेऊन ठेवली आणि पहाटेपर्यंत निर्धास्तपणे फोटो काढत राहिलो. घरी येऊन बघतो तर प्रत्येक तारा वाटाण्याएवढा. एकही फोटो वाचवता आला नाही, कारण सुटलेला फोकस कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. त्या रात्रीची हळहळ अजून आहे.

ती खूण अंदाजे असते. ऑटोफोकस लेन्सची रिंग अनंताच्याही पुढे जाते. ती मुद्दामच तशी बनवलेली असते, कारण उन्हाळ्या-हिवाळ्यात काच आणि धातू कमी-जास्त होतात आणि अनंताची जागा सरकते. म्हणून रिंग शेवटपर्यंत फिरवून ठेवली तर फोकस हमखास चुकतो.

मग बसवायचा कसा? मॅन्युअल फोकसवर या. अपर्चर पूर्ण उघडा. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारं दृश्य, लावा, आयएसओ वाढवा आणि एक तेजस्वी तारा मधोमध आणा. मार्चच्या संध्याकाळी व्याध समोरच असतो, दक्षिणेला अगस्त्य. एप्रिलमध्ये रात्री चित्रा आणि स्वाती, पहाटेकडे अभिजित. गुरू आकाशात असेल तर तोही चालतो. आता स्क्रीनवर पूर्ण झूम करा. हा झूम फोटोचा नव्हे, फक्त दिसण्याचा. लेन्सची फोकल लेंग्थ हलवू नका.

सुरुवातीला धुरकट गोळा दिसेल. रिंग केसभर, अगदी केसभर फिरवा. गोळा लहान होत जाईल. टिंब झालं म्हणून तिथे थांबू नका, आणखी पुढे जा, पुन्हा फुगायला लागेल. मग मागे या. असं दोन-तीनदा इकडून तिकडे केलं की मधली जागा हाताला कळते. खरी खूण त्या ताऱ्यात नसते, शेजारी असते: फोकस अचूक बसला की आजवर न दिसलेला एखादा बारीक तारा त्याच्या बाजूला उमटतो. रिंग थोडी हलली की तो पहिला जातो. मी त्या बारीक ताऱ्याकडे बघून फोकस लावतो. पुष्कळ लेन्समध्ये रंगही मदत करतो, अचूक जागेच्या एका बाजूला ताऱ्याला जांभळट कड येते आणि दुसऱ्या बाजूला हिरवट.

चाळिशीचा चष्मा असेल तर तो घालूनच हे करा. आमच्यातल्या एका काकांचे फोटो दोन वर्षं किंचित सुटलेले यायचे. कॅमेरा सर्व्हिसला जाऊन आला, लेन्स बदलली, काही फरक नाही. एका रात्री ते स्क्रीनकडे बघताना मान मागे घेतात हे माझ्या लक्षात आलं. वाचायचा चष्मा ते घरी ठेवून यायचे.

लाइव्ह व्ह्यूमध्ये ताराच दिसत नसेल, जुन्या कॅमेऱ्यात असं होतं, तर लांबच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा किंवा दरीपलीकडच्या गावातला दिवा धरा. किलोमीटरभर लांब असला की वाइड लेन्ससाठी तो अनंतावरच आहे. दूरच्या डोंगरावर उजेडातच ऑटोफोकस करून ठेवणं हाही मार्ग आहे, पण रात्री गारठा वाढल्यावर पुन्हा तपासायला लागतं.

फोकस बसला की पाच सेकंदांचा चाचणी फोटो काढा, मोठा करून मध्ये आणि कोपऱ्यात बघा, आणि मगच रिंगवर मास्किंग टेपचा तुकडा लावा. साधी चिकटपट्टी नको, तिचा गोंद रबरात राहतो.

इतकं करूनही रात्रीत फोकस सुटतो, त्याची चार कारणं मला पुन्हा पुन्हा सापडली आहेत. झूम लेन्सची फोकल लेंग्थ मध्येच बदलली. झाकण लावता-काढताना रिंग हलली. तापमान उतरलं. आणि चौथं, मिररलेस म्हणजे आतला आरसा नसलेले कॅमेरे वापरणाऱ्यांचं: त्यांच्या पुष्कळ लेन्सची रिंग काचेला थेट जोडलेली नसते, मोटर काच हलवते. कॅमेरा बंद झाला किंवा झोपला की फोकस मूळ जागी जातो आणि टेप मात्र रिंगवर तशीच असते. मेनूमध्ये फोकसची जागा लक्षात ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा, नाहीतर प्रत्येक वेळी कॅमेरा जागा झाला की नव्याने फोकस लावा. बाकी सगळ्यांनी तासातून एकदा बघावं.

हे वारंवार करायचं असेल तर बाहतिनोव्ह मास्क घ्या. रशियातले हौशी खगोलनिरीक्षक पावेल बाहतिनोव्ह यांनी २००५ मध्ये काढलेली ही युक्ती आहे. चरे पाडलेली एक चकती लेन्ससमोर धरायची, ताऱ्यातून तीन रेघा फुटतात, आणि मधली रेघ बाकीच्या दोघींच्या बरोबर मधोमध आली की फोकस बसला. लांब लेन्सला ती फारच कामाची आहे. १४ मिमीसारख्या वाइडला रेघा इतक्या छोट्या दिसतात की बारीक ताऱ्याची पद्धतच बरी.

डोंगर टोकदार, तारे धूसर, किंवा उलट

पुढचा दगड आणि तारे दोन्ही एकाच फोटोत हवेत म्हणून काहीजण हायपरफोकल अंतरावर, म्हणजे जिथे फोकस लावला की जवळच्यापासून अनंतापर्यंत बऱ्यापैकी टोकदार येतं त्या अंतरावर, फोकस लावतात. १४ मिमी, एफ २.८, फुलफ्रेमला ते साधारण सव्वादोन मीटर येतं. दिवसाच्या फोटोला हे चालतं, पण तारा हा टिंबच असल्यामुळे थोडासा सैलपणाही त्यात दिसतो. दोन फोटो घ्या. सूर्यास्तानंतरच्या निळ्या उजेडात जमिनीचा, दगडावर फोकस लावून, अपर्चर एफ ८ ला. ट्रायपॉड जागचा हलवू नका. मग अंधार पडल्यावर ताऱ्यांवर फोकस. एडिटिंगमध्ये दोन्ही जोडा. असा फोटो दाखवताना तो दोन फोटोंचा आहे असं मी लिहितो, बघणाऱ्याला ते कळायला हवं.

आकाशच स्वच्छ नाही

सगळं बरोबर असताना क्षितिजाजवळचेच तारे फुगलेले असतील तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत धुरळा असतो आणि वणव्यांचा धूर दऱ्यांत साठतो. एप्रिलच्या मध्यावर आकाशगंगेचा गाभा, म्हणजे वृश्चिकाची नांगी आणि धनूच्या मधला भाग, रात्री साडेअकराच्या सुमाराला उगवतो. त्याला त्या थरातून वर यायला एक वाजू द्या. आपल्या अक्षांशावर तो चाळीस अंशांच्या वरपर्यंत चढतो, घाई करायचं कारण नाही. वरचे पातळ ढग डोळ्यांना दिसत नाहीत, पण ताऱ्यांभोवती प्रभावळ येते. काच टॉर्चने बघून कोरडी असली आणि प्रभावळ तरी असली तर ढगच. त्यावर इलाज नाही, चहा करा आणि वाट बघा.

कोपऱ्यातले पंख

लेन्स पूर्ण उघडी असताना कडेने येणारा प्रकाश एका बिंदूत जुळत नाही, त्याने पंख फुटतात. एफ १.८ ची लेन्स एफ २.८ वर आणा, पंख बरेच मिटतात. उजेड कमी होतो तो आयएसओने भरून काढा. थोडे पंख राहिले तर राहू द्या, कागदावर छापल्यावर कुणाला दिसत नाहीत. यासाठी लेन्स दुरुस्तीला टाकू नका, दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नसतं.

एकच बाजू खराब

ही शेवटची तपासणी आणि यातला निकाल तुमच्या हातात नाही. आतली एखादी काच जागेवरून सरकली किंवा तिरकी झाली की एक बाजू मऊ पडते. कॅमेरा पडल्यावर होतं, कधी बाहेरून ओरखडाही नसतो. भिंतीवर वर्तमानपत्र लावून ही चाचणी करतात, पण कॅमेरा आणि भिंत अगदी समांतर ठेवणं घरी जमत नाही. ताऱ्यांची चाचणी चांगली, कारण चारही कोपऱ्यांतले तारे सारखेच अनंतावर आहेत.

कॅमेरा शक्य तितका डोक्यावरच्या आकाशाकडे करा, म्हणजे क्षितिजाचा धुरळा मध्ये येत नाही. मधल्या ताऱ्यावर फोकस लावून पाच सेकंदांचे तीन फोटो काढा. मग कॅमेरा अर्धा फिरवून, डावी बाजू उजवीकडे करून, फोकस न हलवता आणखी तीन. दोन्हींत फ्रेमची तीच बाजू खराब असेल तर दोष कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये आहे. मित्राची लेन्स लावून बघा. तिच्यात तीच बाजू खराब आली तर कॅमेऱ्याचं माउंट (लेन्स अडकते ती कडी) किंवा सेन्सर तिरका, नाही आली तर तुमची लेन्स.

इथे थांबा

एक बाजू खराब हे नक्की झालं, आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, अपर्चरच्या पात्यांवर तेल चमकलं, लेन्सची नळी हाताला डगडगली किंवा कॅमेऱ्यात पाणी गेलं, तर स्क्रूड्रायव्हरला हात लावू नका. व्हिडिओ बघून लेन्स उघडता येते, पण काचा पुन्हा एका रेषेत बसवायला यंत्र लागतं. माझ्या शेजाऱ्यांच्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी आली. त्यांनी जवळच्या एका दुकानात ती साफ करून घेतली, काच लख्ख झाली, आणि त्या दिवसापासून डाव्या बाजूच्या प्रत्येक ताऱ्याला शेपूट आहे. उघडण्याआधीच विचारा की काचा जुळवून तपासण्याची सोय तुमच्याकडे आहे का. नसेल तर कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात न्या.

पाणी गेलं असेल तर बॅटरी आणि कार्ड लगेच काढा आणि सुरू करून बघायचा मोह टाळा. तांदळात पुरू नका, पीठ आणि धूळ आत जाते. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी केंद्रात द्या.

सेन्सरवरची धूळ या दोषात येत नाही. ती दिवसाच्या फोटोत, एफ १६ ला, आकाशात काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. तारे धूसर आहेत म्हणून सेन्सर साफ करून घेणं म्हणजे पैसेही गेले आणि ओरखड्याची जोखीमही घेतली.

देताना ताऱ्यांचे ते सहाही फोटो, मूळ फाइल, पेनड्राइव्हवर द्या आणि कागदावर लिहा: कुठली लेन्स, किती फोकल लेंग्थ, किती अपर्चर, कुठली बाजू, कधीपासून, पडली होती का. नुसतं "धूसर येतं" सांगितलं तर ते मध्यभागी चाचणी घेतात, मध्ये सगळं ठीक असतं आणि लेन्स जशीच्या तशी परत येते. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या आणि त्याच लेन्सची सेकंडहँड किंमत विचारून ठेवा. साध्या १८-५५ च्या बाबतीत दुसरी घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं. परत आल्यावर पैसे देऊन झाले तरी पहिल्या निरभ्र रात्री गच्चीवरूनच तीच चाचणी करा. शहरातूनही स्वाती आणि अभिजित दिसतातच, आणि तेवढे दोन तारे या कामाला पुरतात.